पदवीनंतरचे वर्ष : विद्यार्थ्यांचा समुपदेशक कसा घडतो

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे पत्रक आणि ताळेबंद आपण मघाशी मंजूर केलात, त्याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार. दरवर्षी माझे काम तेथे संपते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रोगनिदान आणि उपचार यांवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, याची मला जाणीव आहे. तथापि या वर्षी विश्वस्त मंडळापुढे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य समुपदेशन विभाग सुरू करण्याचा प्रस्ताव आला आहे. तो ऐकून काही दात्यांनी खोली बांधून देण्याची, काहींनी फर्निचरची, तर एका सद्गृहस्थांनी वातानुकूलन यंत्राची तयारी दाखविली. त्यांच्या औदार्याविषयी कृतज्ञता व्यक्त करून मी आज एवढेच मांडणार आहे की, या विभागाचा खरा खर्च भिंतींवर होणार नाही. तो एका अशा गोष्टीवर होणार आहे जी डोळ्यांना दिसत नाही आणि जिच्यावर नामफलक लावता येत नाही. ती गोष्ट म्हणजे नव्या समुपदेशकाच्या पाठीशी अनुभवी माणसाने दिलेला वेळ.

प्रथम या प्रस्तावाची निकड सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. आपले महाराष्ट्र राज्य या दुःखद यादीत सर्वांत वर होते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या प्रकरणात निकाल देताना शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि बालक व किशोरवयीन यांच्या मानसिक आरोग्याचे त्याचे प्रशिक्षण दाखविता येण्याजोगे असावे, असे त्यात म्हटले आहे. याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, अशीही सूचना आहे.

म्हणजे गावोगावच्या महाविद्यालयांना आता समुपदेशक हवे आहेत, आणि लहान संस्था आपल्यासारख्या रुग्णालयांकडे वळणार आहेत. जाहिरात देऊन पद भरता येते. पण ‘दाखविता येण्याजोगे प्रशिक्षण’ या तीन शब्दांचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यातील व्यवस्था अभ्यासली. तेथील सर्वच काही उत्तम आहे म्हणून नव्हे, तर विद्यार्थ्यांचा मानसशास्त्रज्ञ पदवीनंतर कसा तयार करावा याचा हिशेब तेथे तासांमध्ये लिहून ठेवलेला आहे, म्हणून. हिशेब वाचणे हे माझे काम आहे.

तीन हजार तासांचा हिशेब

अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू करण्याचा पहिला मान सामान्यतः प्रिन्स्टन विद्यापीठाला दिला जातो. ते वर्ष १९१०. मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणाची घडी मात्र बसली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी हजारो मानसशास्त्रज्ञांची गरज निर्माण झाली, आणि १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने ठरविले की मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि प्रत्यक्ष उपचार करणाराही असावा. त्यातून आज रूढ असलेला क्रम आकारास आला. आधी डॉक्टरेटचे अभ्यासक्रम व संशोधन. त्यातच एक पूर्ण वर्ष इंटर्नशिप. आणि पदवी हाती आल्यावर पुन्हा एक-दोन वर्षे देखरेखीखालचे काम. या शेवटच्या टप्प्याला पोस्ट-डॉक्टरल प्रशिक्षण म्हणतात. ते करण्याचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे विद्यापीठांची समुपदेशन केंद्रे.

कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञाचा परवाना मिळविण्यासाठी ३,००० तासांचा देखरेखीखालील अनुभव लागतो. त्यांपैकी किमान १,५०० तास डॉक्टरेट मिळाल्यानंतरचे असावे लागतात. शिवाय दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात : एक राष्ट्रीय पातळीवरची, दुसरी राज्याच्या कायद्यांची व व्यवसायनीतीची. आता मला ज्या तरतुदीने थांबविले ती सांगतो. प्रशिक्षणार्थी आठवड्यात जितके तास काम करील त्यांच्या किमान एक दशांश इतके तास त्याला पर्यवेक्षण मिळालेच पाहिजे, आणि त्यांतील किमान एक तास पर्यवेक्षकाने त्याला एकट्याला द्यावा, असा नियम आहे.

चाळीस तासांचा आठवडा धरला तर पर्यवेक्षणाचे चार तास होतात. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर दोनशे तास. म्हणजे डॉक्टरेट मिळविलेल्या, वयाची तिशी गाठलेल्या माणसामागेही संस्थेने अनुभवी व्यक्तींचे दोनशे तास बाजूला काढून ठेवायचे. या तासांत कोणताही विद्यार्थी तपासला जात नाही. वरवर पाहता उत्पन्न शून्य. आपल्यापैकी कोणीही व्यापारी मनुष्य विचारील की हा खर्च कशासाठी?

त्या वर्षात काय शिकविले जाते

सनदी लेखापालाची परीक्षा देणाऱ्या मुलाला आर्टिकलशिप करावी लागते, हे आपण सर्व जाणतो. पुस्तकातील ताळेबंद आणि गिऱ्हाइकाने पिशवीत भरून आणलेल्या पावत्या यांतील अंतर त्याला तेथे कळते. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातील हे वर्ष त्याच स्वरूपाचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पहिल्या भेटीतील पारख. मानसिक विकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विकारांची सुरुवात वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले. म्हणजे महाविद्यालयाचे वय हे आजार प्रथम डोके वर काढण्याचे वय आहे. ‘झोप लागत नाही, अभ्यासात मन लागत नाही’ असे सांगत चार विद्यार्थी येतात. एकाला घरची आठवण येत असते. दुसऱ्याची परीक्षा जवळ आलेली असते. तिसऱ्याला नैराश्याने ग्रासलेले असते. चौथ्याला कानात आवाज ऐकू येऊ लागलेले असतात, आणि ते तो विचारल्याशिवाय सांगत नाही. चौघांचे पहिले वाक्य एकच असते. त्यांतील फरक ओळखणे पुस्तकाने येत नाही. शेकडो पहिल्या भेटी कोणाच्या तरी नजरेखाली पार पाडून येते.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजक्या भेटींत काम करणे. विद्यापीठाचे वर्ष सत्रांत विभागलेले असते. सत्राच्या मध्यास आणि परीक्षेपूर्वी केंद्रात गर्दी उसळते, सुटीत विद्यार्थी घरी जातात. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे चालणारे उपचार शक्य नसतात. चार-सहा भेटींत कोणत्या प्रश्नाला हात घालावा, कोणाला बाहेरच्या तज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि पाठविलेला विद्यार्थी तेथे खरोखर पोहोचला की नाही हे कसे पाहावे, हे प्रशिक्षणार्थी शिकतो. समुपदेशन सेवांना मान्यता देणाऱ्या तेथील संघटनेच्या निकषानुसार दर एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक व्यावसायिक असावा. हे प्रमाणही अनेक ठिकाणी राखणे जड जाते, म्हणून ही निवड करण्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरते.

तिसरी गोष्ट म्हणजे आणीबाणी. जीव देण्याचा विचार मनात आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे, हे आज तज्ज्ञांत मान्य झालेले आहे. तरीही हा प्रश्न शांतपणे उच्चारणे नवख्याला कठीण जाते, आणि ‘हो’ असे उत्तर आल्यावर पुढची पंधरा मिनिटे काय करायचे हे त्याहून कठीण असते. त्या वर्षात प्रशिक्षणार्थी पाळीने आणीबाणीच्या सेवेवर असतो, मात्र शेजारच्या खोलीत किंवा दूरध्वनीवर त्याचा पर्यवेक्षक उपलब्ध असतो.

याखेरीज गटोपचार चालविणे, वसतिगृहांत जाऊन बोलणे, चिंतेत पडलेल्या प्राध्यापकाला सल्ला देणे, आणि आपल्याहून कनिष्ठ प्रशिक्षणार्थीला मार्गदर्शन करणे, हीही कामे असतात. आज शिकणारा उद्या शिकवू शकावा, हा त्यातील हेतू.

आणि पर्यवेक्षण म्हणजे काय? विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन भेटीचे ध्वनिचित्रमुद्रण केले जाते. आठवड्यातून एकदा प्रशिक्षणार्थी आणि पर्यवेक्षक ते एकत्र पाहतात. येथे तू घाईने सल्ला दिलास. येथे तो वडिलांविषयी बोलू लागला आणि तू विषय बदललास. येथे तू गप्प राहिलास ते योग्य केलेस. अशा बोलण्यातून हळूहळू कान तयार होतो. आपल्याकडे गायनाची तालीम अशीच होत आली आहे. त्यात आणखी एक भाग आहे. रोज दुसऱ्यांचे दुःख ऐकणारा माणूस स्वतःही थकतो, आणि ते थकणे वेळेवर ओळखणारे कोणीतरी असावे लागते. शिवाय प्रशिक्षणार्थीच्या कामाची जबाबदारी परवानाधारक पर्यवेक्षकावर असते. सही त्याची, जोखीमही त्याची.

एका खटल्याने दिलेला धडा

ही जबाबदारी केवळ कागदावरची नाही, हे कॅलिफोर्नियातील एका खटल्याने साऱ्या जगाला शिकविले. त्याचा आपल्याशी एक दुःखद संबंध आहे. १९६९ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात भारतातून उच्च शिक्षणासाठी गेलेला एक विद्यार्थी विद्यापीठाच्याच रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाकडे उपचार घेत होता. एका तरुणीने त्याचे प्रेम नाकारले होते. तिला मारण्याचा विचार त्याने मानसशास्त्रज्ञाजवळ बोलून दाखविला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, आणि तो शुद्धीवर बोलतो आहे असे वाटून सोडून दिले. पुढे विभागप्रमुखांनी हे प्रकरण येथेच थांबवावे असे सांगितले. विद्यार्थ्याने उपचारास येणे बंद केले. त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच काही सांगितले नाही. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्याने तिची हत्या केली.

मुलीच्या पालकांनी विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. तो ‘तारासॉफ’ खटला म्हणून ओळखला जातो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णापासून एखाद्या व्यक्तीच्या जिवाला गंभीर धोका आहे असे उपचारकाला दिसले, किंवा त्याच्या व्यवसायाच्या दर्जानुसार दिसावयास हवे होते, तर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. हा निर्णय आज तेथील प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शिकविला जातो.

एक प्रशासक या नात्याने मला यात दुसरी गोष्ट दिसते. त्या मानसशास्त्रज्ञाने धोका ओळखला होता आणि कळविलाही होता. जे तुटले ते दुव्यांमध्ये : उपचारक, वरिष्ठ, पोलीस आणि कुटुंब यांच्यामध्ये. परदेशात एकाकी पडलेला विद्यार्थी उपचार सोडून गेल्यावर त्याची चौकशी कोणी करायची, हे ठरलेले नव्हते. प्रशिक्षणाचे वर्ष हे असे दुवे आधीच जोडून ठेवण्याचे वर्ष असते. कोणाला दूरध्वनी करायचा, काय लिहून ठेवायचे, वरिष्ठाशी मतभेद झाला तर कोणाकडे जायचे, हे सर्व प्रसंग येण्यापूर्वी माहीत असावे लागते.

पालकांसाठी दोन शब्द

सभागृहात असे अनेक पालक आहेत की ज्यांची मुले अमेरिकेत शिकत आहेत. २०२४–२५ या शैक्षणिक वर्षात तेथे भारतातील ३,६३,०१९ विद्यार्थी होते. कोणत्याही अन्य देशाहून अधिक. काही पालक विचारतात की फी आम्ही भरतो, मग मुलगा समुपदेशकाकडे जातो हे आम्हांला का सांगत नाहीत? याचे उत्तर असे की अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून, जिवाला धोका यांसारखे अपवाद वगळता, दिली जात नाही. आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, आणि जीवितास धोका असल्यास माहिती देण्याचा अपवादही ठेवला आहे. पालकांना हे कटू वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरी कळेल या भीतीने जो मुलगा दारातूनच परत फिरतो, त्याचे काय, याचाही विचार व्हावा. संमती असेल तेव्हा कुटुंबाला सोबत कसे घ्यावे, हेही प्रशिक्षणातच शिकावे लागते. आपल्या समाजात जेथे आई-वडील, आजी, मामा सारेच मुलाच्या शिक्षणात गुंतलेले असतात, तेथे ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे.

आपण काय घ्यावे

अमेरिकेतील व्यवस्थेलाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर चित्र एकांगी होईल. डॉक्टरेटनंतरचे हे वर्ष परवान्याविना, कमी मानधनावर काढावे लागते, आणि शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असते. या कारणांचा विचार होऊन २००६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने अशी भूमिका घेतली की दोन वर्षांचा देखरेखीखालील अनुभव पदवीपूर्वीचा असला तरी चालावा. काही राज्यांनी त्यानुसार नियम बदलले. कॅलिफोर्नियाने पदवीनंतरचे तास कायम ठेवले. म्हणजे वर्ष कोठे ठेवावे याबद्दल तेथे वाद आहे. देखरेखीचे तास असावेत की नसावेत, याबद्दल वाद नाही.

आपल्याकडेही हे तत्त्व नवीन नाही. बंगळूर येथील ज्या संस्थेला आज आपण निम्हान्स म्हणतो, तेथे १९५५ पासून वैद्यकीय मानसशास्त्राचे प्रशिक्षण रुग्णालयातच, रुग्णांसमवेत दिले गेले. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा एम. फिल. अभ्यासक्रमही याच पायावर उभा राहिला. प्रश्न आहे तो एम. ए. होऊन थेट महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एकट्याने बसणाऱ्या तरुण मुलामुलींचा. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण कठीण प्रसंगी दार ठोठवावे असे वरिष्ठ त्यांना त्या इमारतीत कोणीच नसते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती अशी आहे. नव्या विभागात आरंभी दोनच प्रशिक्षणार्थी घ्यावेत आणि त्यांना एक वर्षाचे सन्माननीय मानधन द्यावे. आपल्या ज्येष्ठ चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांचे आठवड्यातील ठरावीक तास केवळ पर्यवेक्षणासाठी राखून ठेवावेत आणि बाह्यरुग्ण विभागात कितीही गर्दी असली तरी त्यांना हात लावू नये. मानसोपचारतज्ज्ञांसह आठवड्याची एक बैठक व्हावी. जवळच्या लहान महाविद्यालयांशी लेखी करार करावेत, त्यांत रात्री-अपरात्री कोणी कोणाला कळवायचे ते नमूद असावे. खोली सध्याचीच पुरेल. दार नीट बंद झाले आणि बाहेर आवाज गेला नाही म्हणजे झाले.

एका विश्वस्तांनी मला रास्त प्रश्न विचारला : ‘ज्येष्ठांनी त्या वेळात आणखी रुग्ण तपासले तर अधिक लोकांची सेवा होणार नाही का?’ या वर्षापुरते पाहिले तर होईल. परंतु दोन प्रशिक्षित समुपदेशक पुढील वीस-पंचवीस वर्षे किती विद्यार्थ्यांना भेटतील, हे त्याच हिशेबात धरावे लागेल. दुसरा आक्षेप असा की शिकून झाल्यावर ही मुले निघून जातील. होय, जातील, आणि जावीतच. ती जिल्ह्यातील महाविद्यालयांत गेली तर आपल्या न्यासाचा हेतू सफल झाला असे मी समजेन. आपल्या घटनापत्रात ‘रुग्णसेवा’ या शब्दाला रुग्णालयाच्या आवाराची मर्यादा घातलेली नाही.

दात्यांना मी नम्रपणे सुचवितो की यंदापासून ‘पर्यवेक्षण निधी’ असे स्वतंत्र खाते उघडावे. त्याचा हिशेब रुपयांबरोबर तासांतही पुढील अहवालात छापला जाईल : किती तास ठरले होते, किती प्रत्यक्ष दिले गेले, आणि जे दिले गेले नाहीत ते का. यंत्राची पावती जशी तपासली जाते तशी या तासांचीही तपासणी व्हावी.

जाता जाता एक व्यावहारिक माहिती. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास विनामूल्य असून मराठीतूनही बोलता येते. आपल्या घरातील किंवा शेजारचे कोणी मूल अबोल झाले असेल, ‘आता काही अर्थ नाही’ असे म्हणू लागले असेल, तर निकालाची किंवा सुटीची वाट पाहू नये. त्याच्याजवळ बसावे, सरळ विचारावे आणि मदत घ्यावी.

 आमचे डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि आपणांसारखे दाते यांच्या बळावरच हा संकल्प मांडण्याचे धैर्य झाले. विश्वस्त मंडळ या प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करील अशी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.